गेलेली संवय कोठें जाते?

विसरणें म्हणजे पाटीवरचें अक्षर पुसून टाकणें, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु मनाची पाटी इतकी सरळ नाहीं, हें रशियन शास्त्रज्ञ इवान पावलोव यांच्या कुत्र्यांनीं केव्हांच दाखवून दिलें आहे. पचनक्रियेवरील संशोधनासाठीं १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे हे पंडित पुढें कुत्र्यांची लाळ मोजण्यांत गढून गेले. मेट्रोनोमची टिकटिक ऐकवून अन्न द्यावयाचें. असें वारंवार झालें, कीं नुसत्या टिकटिकीनेंच लाळ सुटूं लागते. मग टिकटिक चालू ठेवून अन्न बंद केलें, म्हणजे लाळ हळूहळू आटते. येथवर नवल कांहींच नाहीं. परंतु कुत्र्यास थोडा विसांवा देऊन पुन्हां तीच टिकटिक ऐकवावी, तों आटलेली लाळ आपोआप परत येते! जुना धडा पुसला गेलेला नसतो. त्यावर दुसरा धडा पसरलेला असतो, इतकेंच.

हा दुसरा धडा जागेशींही जखडलेला असतो. मार्क बाउटन व रॉबर्ट बोल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं उंदरांवरील प्रयोगांतून तें दाखविलें. एका पिंजऱ्यांत जडलेली भीति दुसऱ्या पिंजऱ्यांत घालविली, तरी पहिल्या पिंजऱ्यांत नेतांच ती परत येते.

आमच्या मातोश्री अखेरचें वर्ष वाईच्या घरीं अंथरुणास खिळून होत्या. उशाशीं देवघरांतली लहान घंटा असे. रात्रीं ती वाजली, कीं आम्ही उठून पाणी देत असूं. त्या गेल्यावर आम्ही पुण्यास परतलों. शेजारची पूजेची घंटा ऐकून प्रथम छातींत धस्स होई. पुढें तेंही थांबलें. मन सांवरलें, आणि त्या सांवरण्याचें थोडें वाईटही वाटलें. तीन वर्षांनीं वाईस एक रात्र काढण्याचा प्रसंग आला. पहाटे कोणाच्या तरी देवघरांत घंटा वाजली, आणि झोप पुरती उडण्यापूर्वींच आम्ही तांब्या हातीं घेऊन उभे होतों.

व्यसन सोडलेला मनुष्य जुन्या मंडळींत जाऊन डळमळला, कीं आपण त्याच्या निश्चयास दोष देतों. तो दोष न्याय्य नव्हे. नवा धडा त्यानें खरोखरच शिकलेला असतो. मात्र तो जुन्या जागींही गिरवावा लागतो. परतलेली लाळ दुसऱ्या खेपेस अधिक लवकर आटते, हा त्यास दिलासा आहे. शोकाच्या बाबतींत मात्र कांहीं धडे पुसलेच जात नाहींत, याचेंच आम्हांस अधिक समाधान वाटतें.