दूधबावचे पाणी

रायपूरच्या समता कॉलनीत उन्हाळ्यात नळाची धार बारीक झाली, की काकू हमखास माहेरची गोष्ट काढीत. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! शेजारणी हसत. माहेरचे कौतुक कोणती सासुरवाशीण वाढवून सांगत नाही?

काकूंचे माहेर मालवणसमोरच्या कुरटे बेटावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाआत होते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली हा जलदुर्ग बांधावयास घेतला. त्यात आजही मोजकी कुटुंबे आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळून होड्या बंद होत. तेव्हा काकूंचे घर तांदळाची पोती, भांडीकुंडी घेऊन मालवणात बिऱ्हाड करी. लग्न होऊन त्या रायपूरला आल्या, आणि समुद्र मागे राहिला.

गेल्या वर्षी धाकट्या भावाचा निरोप आला : घराचे छप्पर खचले आहे, दुरुस्त करायचे की घर सोडायचे, ते येऊन सांग. काकू दहा वर्षांच्या नातवाला घेऊन निघाल्या. मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळ, तेथून मालवण. धक्क्यावर होडीवाल्याने दोन तिकिटे पुढे केली. काकू थबकल्या. आपल्याच घरी जावयाचे तिकीट! 'खंयसून इलात?' त्याने विचारले. 'मी हंयचीच,' काकूंच्या तोंडून चाळीस वर्षांनी मालवणी शब्द निघाले. 'मगे तिकीट कित्याक?' म्हणत त्याने हात धरून त्यांना होडीत घेतले.

अगदी जवळ जाईपर्यंत नातवाला दरवाजा काही दिसेना. तटाची वळणे अशी, की शत्रूलाही तो सहजी सापडू नये. आत राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. 'महाराजांना दाढी का नाही?' नातू कुजबुजला. लहानपणी काकूंनी हाच प्रश्न विचारला होता आणि वडिलांच्या डोळ्यांचा धाक सोसला होता. त्या नुसत्या हसल्या.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नातवाने दूधबावीत पोहरा सोडला, ओंजळीने पाणी प्याला, पुन्हा प्याला, आणि तटाकडे धावला. पलीकडे लाटा फुटत होत्या. परत येऊन त्याने आणखी एकदा पाणी चाखले. बेटावर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगून राहते, हे मामाआजोबांनी त्याला समजावले. पण त्याला कारणापेक्षा चव अधिक पटली असावी.

घर मात्र पाहवेना. कौले ढासळलेली, वाशांना वाळवी, चुलीच्या जागी गवत. किल्ला संरक्षित स्मारक. डागडुजीलाही परवानगी हवी. २०२५ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, याचा भावाला अभिमान होता आणि घोरही. 'ताई, आता कोण राहणार इथे?' तो म्हणाला. काकू बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिल्या. रायपुरात जगन्नाथपुरीच्या यात्रेसाठी त्यांनी पैसे साठवले होते. शेजारणींबरोबर जाण्याचे ठरलेही होते.

'परवानगीचा अर्ज कर,' त्या उठत म्हणाल्या. 'कौलांचे मी बघते.'

मेअखेरीस होड्या बंद झाल्या, की भावाचा दूरध्वनी समता कॉलनीत येतो. यंदा तो नातवाने घेतला. छपराची चौकशी आजीने करायची होती. त्याने आधी विचारले, 'दूधबावीत पाणी किती आहे?'