कल्याणच्या पुढची चार स्टेशने

रत्नागिरीहून मामू आले आणि दुसऱ्याच दिवशी न्याहारीला म्हणाले, "आज मला तुमची मेट्रो दाखवा."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. २०२१ साली बदलापूरला घर घेतले तेव्हा आम्हीच मोठ्या उत्साहाने फोनवर सांगितले होते, की मामू, इथे मेट्रो येणार आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तर ती आलेलीच होती. जांभळ्या रंगाची जाड रेघ, तिच्यावर गोल टिंबे, आणि शेवटच्या टिंबापासून आमची इमारत 'फक्त पाच मिनिटांवर'. मामूंची उभी हयात जहाजावर गेली. नकाशात काही दाखवले असेल तर ते जागेवर असते, एवढे ते धरून चालतात.

रविवार होता. मेट्रो नाही तर नाही, ती जिथे येणार म्हणतात तो मुलूख तरी दाखवू, म्हणून सगळेच निघालो. आधी लोकलने कल्याण गाठायचे आणि तिथून एकेक स्टेशन उतरत घरी परतायचे, असा बेत धाकट्याने आखला.

मुंबईहून रेल्वे कल्याणला पोहोचली ती १ मे १८५४ रोजी. दोन वर्षांनी, १८५६ मध्ये, ती आमच्या बदलापूरवरून पुढे खोपोलीपर्यंत गेली. म्हणजे या पट्ट्याला आगगाडी काही नवी नाही. दुखणे वेगळेच आहे. कल्याणच्या अलीकडे रुळांच्या अनेक जोड्या आहेत, पुढे बदलापूरकडे मात्र दोनच मार्ग : एक जाणारा, एक येणारा. पुण्याकडची एक्सप्रेस, मालगाडी आणि आमची लोकल, सगळ्यांनी त्याच दोन मार्गांवरून जायचे. एक्सप्रेस उशिरा आली, की तिला वाट देण्यासाठी लोकल थांबते. त्या वेळी डब्यातल्या बायका घरी फोन करून "कुकर लावून ठेव" सांगतात.

विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही दोन्ही स्टेशने एकाच शहराची. महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पत्ता विचारला तर आजही लोक 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. आमच्याकडचे लग्नाचे कापड गजानन मार्केटमधून येते आणि लाकडी कपाट फर्निचर बाजारातून. मामू बराच वेळ दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. मग म्हणाले, "घरदार सोडून आलेल्यांनी एवढे उभे केले!" ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५ चे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, आणि ती उल्हासनगरपर्यंत वाढवण्याची घोषणाही झालेली आहे. भिवंडीच्या बाजूला तिचे खांब उभे आहेत. इथे अजून नाहीत.

अंबरनाथला उन्ह चढले होते. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. शिलाहारांच्या काळातले ते काळ्या दगडातले कोरीवकाम धाकट्याला शाळेच्या प्रकल्पासाठी हवेच होते. त्याने फोटो काढले, मामूंनी सावली शोधली. नदीचा वास मात्र नाकाला रुमाल लावायला लावणारा. तिथे फार थांबलो नाही.

परत फलाटावर वडापाव खाताना मामूंनी सांतो डोमिंगोची गोष्ट काढली. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकची ही राजधानी. मामूंचे जहाज तिकडच्या बंदराला लागले होते, तेव्हा शहरात मेट्रो नवीनच धावू लागली होती. तिची पहिली मार्गिका जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली, १४.५ किलोमीटरची, १६ स्थानकांची. आणि काम सुरू झाल्यापासून चार वर्षांच्या आत. उत्तरेकडची गरिबांची उपनगरे तिने थेट शहराशी जोडली. उत्तरेच्या शेवटच्या स्थानकाला मामा तिंगो हे नाव आहे. जमिनीच्या हक्कासाठी लढताना १९७४ मध्ये मारली गेलेली ती एक शेतकरी बाई. "नाव मामा, पण बाई!" धाकटा हसला. तिथेही हा पैसा शाळा-दवाखान्यांवर का घातला नाही, असा वाद झाला होताच. तरी २०१३ मध्ये दुसरी मार्गिका आली, आणि २०१८ मध्ये ती ओसामा नदी ओलांडून पूर्वेकडच्या वस्तीत पोहोचली.

आम्हाला त्या गोष्टीतला एक आकडा लागून राहिला. कल्याण ते बदलापूर तिसरा आणि चौथा मार्ग टाकायला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. त्याची लांबीही सुमारे १४ किलोमीटरच. खर्च साधारण १,५०० कोटी. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली हे नवे स्टेशनही त्याच भागात होते आहे. गाडी तिथून जाताना मामूंना खिडकीतून काम दाखवले. दिवसभरात 'येणार' म्हणून बोट दाखवता आले असे एवढेच. मेट्रो १४, म्हणजे कांजुरमार्ग ते बदलापूर ही सुमारे ३८ किलोमीटरची आमची जांभळी रेघ, तिचा एकही खांब आम्हाला दिसला नाही.

आम्हाला विचाराल तर आधी हे दोन मार्ग पुरे करा, मग मेट्रोची चित्रे छापा. २००१ मध्ये बदलापूरची वस्ती ९८ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. इमारती त्यानंतरही थांबलेल्या नाहीत. आम्हीही त्या गर्दीतलेच, हे कबूल. मुंबईत दोन खोल्या परवडत नाहीत म्हणून माणूस ६८ किलोमीटर लांब येतो, आणि वाचलेले पैसे रोज वेळेच्या रूपाने फेडत बसतो.

आमच्या घरात हे फेडणे थोरलीच्या वाट्याला आले आहे. तिची नोकरी महापेला. नकाशात महापे डोंगराच्या पलीकडे, जवळच दिसते. मेट्रो १४ तिकडूनच जायची आहे, घर घेताना आमचा हिशोब तोच होता. आज ती बदलापूरहून ठाण्याला जाते, तिथे गाडी बदलून घणसोली, मग रिक्षा. रस्त्याने जावे तर शिळफाट्याची कोंडी. जाता-येता चार तास. घणसोलीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, असे ती दोन महिन्यांपासून म्हणते आहे. अम्मींना ते पटत नाही. "मुलगी घरातून निघते आणि घरात परतते, एवढे तरी राहू द्या," असे त्या म्हणतात. दोघींचेही बरोबर वाटते, म्हणून आम्ही गप्प आहोत.

सोमवारी फजरनंतर मामू थोरलीला सोडायला स्टेशनवर गेले. अंबरनाथच्या बायका जागेसाठी उलट्या बदलापूरला येऊन आधीच बसलेल्या असतात. त्यावरून रोज होते ती बाचाबाची त्यांनी पाहिली. थोरली दारात कशीबशी उभी राहिली आणि गाडी गेली.

घरी येऊन त्यांनी माहितीपत्रक मागितले. चष्मा लावून उलटसुलट पाहिले.

"याला स्केल कुठे आहे? तारीख कुठे आहे?"

कुठेच नव्हती. अम्मी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, मामूंसमोर चहा ठेवला आणि आमच्याकडे न बघता विचारले, "त्या घणसोलीच्या खोलीचे भाडे किती म्हणाली होती ती?"