दलाली

तर झालं असं.. आमच्या सोलापुरी चादरींच्या वेबसाइटवर पुतण्याने एका पडदेवाल्याच्या लिंका लावल्या. "काका, आपल्या लिंकवरून कुणी घेतलं की कमिशन आपलं. अमेझॉनकडे ही पद्धत १९९६पासून आहे." म्हटलं, अरे ही तर साधी दलालीच की! पहिल्या महिन्यात चहापाण्यापुरते पैसे आलेही.

मग पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन. "तुमच्या साइटवर बघून पडदे घेतले हो, पहिल्याच धुण्यात रंग गेला." माल आमचा नव्हता. भरवसा मात्र आमच्यावर ठेवला होता.

वडील आठवले. आपल्याकडे नसलेल्या वस्तूसाठी ते गिऱ्हाइकाला चाटी गल्लीतल्या ओळखीच्या दुकानात पाठवायचे. कमिशन शून्य, पण तिथला माल त्यांनी स्वतः हाताळलेला असायचा.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आमच्या शब्दाला ते गिऱ्हाईकच देतं. आता दोनच लिंका ठेवल्यात, घरात वापरतो त्याच वस्तूंच्या. शेजारी स्पष्ट लिहिलंय, 'यावर आम्हाला कमिशन मिळतं'. कमाई घटली. बाईंनी अजून काही मागवलेलं नाही.

असो. तुम्ही काय केलं असतं?