हिरव्या रंगाखालची जमीन

पुण्यात टेकडीवर जाणं हा व्यायाम थोडा आणि रिवाज जास्त. उजाडायच्या आधीच लॉ कॉलेजच्या मागून, चतुःशृंगीकडून, पाषाणच्या बाजूनं माणसं वर चढू लागतात. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या झाडांसाठी पाण्याची बाटली. वेताळ टेकडी शहरातली सगळ्यांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. फेब्रुवारी-मार्चात इथल्या निष्पर्ण गणेरीवर पिवळीधमक फुलं येतात, सालईची साल कागदासारखी सुटते, जुन्या खाणीच्या कडेनं मोर ओरडतो. मधूनमधून उंदीरमारीचे दाट पट्टे लागतात. झटपट हिरवं करायच्या हौसेनं लावलेली ही झाडं; त्यांच्याखाली फारसं काही उगवत नाही.

वरच्या गप्पा ठरलेल्या असतात. गुडघे, परदेशातली नातवंडं आणि खालच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट. बिल्डर किती टक्के जास्त जागा देतो, यावर एका दगडावर बसून जी चर्चा चालते, तिच्यातच मध्ये कुणीतरी म्हणतं, ‘टेकडी मात्र वाचली पाहिजे हो!’ त्यावर सगळ्यांचं एकमत. मीही मान हलवतो.

ही टेकडी दुसऱ्या एका ठिकाणी भेटते, ती विकास आराखड्याच्या नकाशावर. तिथं तिला गंध नाही, मोर नाही. आहे तो रंग. १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत २३ गावं आली. बाणेर, बावधन, वारजे, धायरी, कात्रज अशा गावांच्या डोंगरउतारांवर ‘जैववैविध्य उद्यान’ असं आरक्षण पडलं, ९७८ हेक्टरांचं. बोलताना सगळे ‘बीडीपी’च म्हणतात. मंजुरीला इतकी वर्षं लागली की तोवर त्या गावांचं गावपणच सरलं. २०१५ मध्ये राज्य सरकारनं आरक्षण कायम केलं आणि जमीनमालकाला मोबदला ठरवला आठ टक्के टीडीआर. म्हणजे शंभर चौरस मीटर जमीन द्यायची आणि आठ चौरस मीटर बांधकामाचा हक्क घ्यायचा, तोही दुसरीकडे वापरायला किंवा विकायला.

आता आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीच्या दालनात या. भिंतीला नकाशे, टेबलावर फायलींचे गठ्ठे, पंखा फिरतोय आणि टोकनचे नंबर पुकारले जातायत. पुणेकर हरकत घ्यायला कमी पडत नाही. जुन्या हद्दीच्या २०१३च्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. पुढं सरकारनं तो आराखडाच महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. इथं टेकडीवाल्यांकडे छायाचित्रं असतात, पक्ष्यांच्या याद्या असतात, मुद्देसूद टंकलेली निवेदनं असतात. शेजारच्या बाकावर बसलेल्या मूळ गावकऱ्याकडे सातबारा असतो. त्याच्या आजोबांनी त्या उतारावर शेरडं चारली. खालची शेती आधीच रस्त्याला आणि सोसायट्यांना गेली. ‘साहेब, आमच्याच रानावर का हिरवा? तुमच्या बंगल्यावर मारा की!’ या प्रश्नाला दालनात कुणी हसतं, कुणी नकाशाकडे बघतं. नगररचना विभागाचा अधिकारी शांतपणे म्हणतो, ‘तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय.’

तिसरा माणूस या दालनात येतच नाही. त्यानं उतारावर एक गुंठा घेतलाय, १०८९ चौरस फूट, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून. तो रिक्षा चालवतो, त्याची बायको टेकडीप्रेमींच्याच घरी धुणीभांडी करते. हरकत घ्यायची तर पत्ता लिहावा लागणार, आणि पत्ता लिहिला की घर अनधिकृत असल्याचा पुरावा आपल्याच सहीनं दिल्यासारखं होणार. त्याला पुण्यात सपाटीवर परवडेल असं घर कुणी बांधलं नाही, म्हणून तो चढावर गेला. विकणाऱ्यानं तरी का थांबावं? आठ टक्क्यांच्या कागदापेक्षा गुंठ्याचे रोख पैसे बरे, असाच हिशेब त्यानं केला. आधी पत्र्याची शेड, मग विटांची भिंत, मग विजेचा मीटर. नकाशावर मात्र अजून तोच हिरवा.

मी टेकडीच्याच बाजूचा आहे, आणि ते गणेरीच्या फुलांसाठी नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरांकडून शहरात घुसला. भिंती पडल्या, गाड्या खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढल्या, माणसं वाहून गेली. डोंगराचा उतार उघडा पडला, ओढ्याची वाट बुजली, की पाणी खालच्या वस्तीतूनच वाट काढतं. उतारावर बांधकाम नको, हे एवढ्यावरूनही पटायला हवं.

पण रंग लावून जमीन राखली जात नाही. ताबा घ्यावा लागतो, त्यासाठी पैसे मोजावे लागतात, आणि ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसावे लागतात. शिवाय वर बांधायचं नसेल, तर खाली जास्त बांधायला हवं. मेट्रो स्थानकांभोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचं धोरण आलं, तेव्हा ‘आमच्या गल्लीत एवढी गर्दी नको’ म्हणणाऱ्यांत पहाटेचे ओळखीचे चेहरेही होते. २०२३च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरलेले हजारो पुणेकर मला आजही कौतुकाचे वाटतात. टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला त्यांनी केलेला विरोध रास्तच होता. मात्र त्या मोर्चात मोबदल्यासाठी घोषणा ऐकू आल्या नाहीत.

तेव्हा पुढचा आराखडा प्रसिद्ध होईल आणि तुम्ही टेकडीसाठी हरकतीचा अर्ज भराल, तेव्हा सहीच्या वर दोन ओळी जास्त लिहा: ही जमीन बाजारभावानं विकत घ्या, त्यासाठी माझा मिळकतकर वाढला तरी चालेल, आणि माझ्या गल्लीत कमी उत्पन्नवाल्यांची इमारत आली तर माझी हरकत नाही.