चाकाचा जोड

टर्बाइनचं जुनं स्पीड कार्ड काढून नवं मॉड्यूल बसवलं की बहुतेक ठिकाणी तक्रार एकच येते: वेग थरथरतो. स्क्रीनवर ३००० च्या जागी ३००७, २९९४, ३००९ असे आकडे नाचू लागतात, कंट्रोल व्हॉल्व्हचा सर्व्हो विनाकारण कुरबुरत राहतो आणि डेस्कवरचा ऑपरेटर वैतागून म्हणतो, "जुनं बरं होतं की. बदललं कशाला?"

जुनं बरं नव्हतं. कपॅसिटर सुकले होते. सुटे भाग यापुढे मिळणार नाहीत, असं कंपनीचं पत्र येऊन जमाना झाला होता. एका युनिटचं कार्ड गेलं की दुसऱ्या युनिटचं आधीच मेलेलं कार्ड सोलून त्यातले भाग काढायचे, अशावर दिवस निघत होते. बदलणं भागच होतं. तरी ऑपरेटरच्या वैतागात तथ्य आहे. जुनं कार्ड शाफ्टवरच्या साठ दात्यांच्या चाकाच्या प्रत्येक दात्यामागे ठरावीक रुंदीची एक पल्स काढायचं आणि अशा सगळ्या पल्सची सरासरी कपॅसिटरवर साठवायचं. एखादा दाता जरा पुढे असला काय आणि मागे असला काय, फेरीत दाते साठच, त्यामुळे सरासरी तीच. नवं मॉड्यूल दोन दात्यांमधला वेळ मोजतं. ३००० फेऱ्यांना साठ दात्यांच्या चाकाचा एक दाता सरकायला ३३३ मायक्रोसेकंद लागतात. नवं मॉड्यूल त्यातला एखाददुसरा मायक्रोसेकंदही सोडत नाही. पंचवीस वर्षं झाकून राहिलेला चाकाचा दोष त्यामुळे पहिल्यांदा उघडा पडतो आणि बोल खातं ते नवं मॉड्यूल.

विदर्भातल्या औष्णिक केंद्रांमध्ये माझी नोकरीची वर्षं गेली. कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशन हा माझा विभाग. आमच्या धंद्यात चाकाचे दाते टिपणाऱ्या पिकअपवर बोलणारे पुष्कळ, कार्डावर बोलणारे त्याहून पुष्कळ. चाकावर कोणी बोलत नाही, कारण ते पेडेस्टलच्या झाकणाखाली तेलाच्या फवाऱ्यात फिरत असतं आणि ओव्हरहॉलशिवाय कोणाच्या नजरेला पडत नाही. शिवाय ते मेकॅनिकलवाल्यांचं की आमचं, हे आजतागायत ठरलेलं नाही.

ज्या चाकानं मला सर्वांत जास्त छळलं ते दोन भागांचं होतं. मूळ मशीनचा गव्हर्नर हायड्रॉलिक. पुढे इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर आला तेव्हा रोटर बाहेर काढायला नको म्हणून चाकाची दोन अर्धवर्तुळं शाफ्टवर चढवून बोल्टनं आवळली होती. असं चाक बसवण्यात गैर काही नाही, जगभर बसवतात. पण जिथे दोन अर्धुकं भेटतात तिथे जोड राहतो, आणि आमच्या चाकाच्या त्या जोडात फीलर गेजचं ०.१० मिलिमीटरचं पान अलगद शिरायचं. एक कागद जाईल एवढी फट.

आता हिशेब करू. चाकाचा व्यास २४० मिलिमीटर धरा. परीघ होतो ७५४, म्हणजे एका दात्याच्या वाट्याला साडेबारा मिलिमीटर. त्यात एक दशांशाचा फरक म्हणजे ०.८ टक्के. ३००० फेऱ्यांवर ०.८ टक्के म्हणजे २४ फेऱ्या. आमच्या गव्हर्नरचा ड्रूप पाच टक्के, म्हणजे १५० फेऱ्यांना पूर्ण लोड. त्या एका दात्यावर विश्वास ठेवायचा तर २१० मेगावॉटच्या मशीननं ३३ मेगावॉट वाढवायला हवेत, आणि लगेच पुढच्या दात्याला परत उतरवायला हवेत. पूर्वी याचं कोणाला काही वाटलं नसतं. ग्रिडच ४९ च्या खाली लोळायची, गव्हर्नर लोड लिमिटरवर टेकवून ठेवलेला असायचा. आता ग्रिडचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ, म्हणजे २९९४ ते ३००३ फेऱ्या. त्यात गव्हर्नरनं दुर्लक्ष करायचं ते फक्त ०.०३ हर्ट्झकडे. त्याच्या फेऱ्या होतात पावणेदोन. पावणेदोन फेऱ्यांचा मान राखायचा आणि चाक २४ फेऱ्यांचं खोटं बोलतंय, अशी ही अडचण.

इथवर आलं की लोक म्हणतात, तीन पिकअप आहेत, तीनपैकी दोनांचं मत घेतलं जातं, मग भीती कसली? पण तिन्ही पिकअप बघतात ते एकच चाक. जोड 'ए' समोरून गेला की थोड्या वेळानं 'बी' समोरून जातो, मग 'सी' समोरून. तिघं एकच खोटं वेगवेगळ्या क्षणी सांगतात. पिकअप तोडलात, केबल कापलीत, कार्ड काढलंत, तर मतदान तुम्हाला वाचवतं. चाकापुढे त्याचा इलाज चालत नाही.

पण खरी डोकेदुखी याच्या पुढे आहे. ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला पन्नास. जोड दोन. म्हणजे सेकंदाला शंभर ठोके. आणि आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यावरच्या साध्या रेक्टिफायरचा रिपलसुद्धा नेमका १०० हर्ट्झचा! स्कोपवर १०० हर्ट्झ दिसले की कोणताही शहाणा माणूस पॉवर सप्लायकडे बोट दाखवतो. मग सप्लाय बदलला जातो, शील्डचं अर्थिंग एका टोकाला सोडलं जातं, दुसऱ्या टोकाला जोडलं जातं, केबलचा मार्ग पॉवर केबलपासून दूर नेला जातो. बिलं होतात, रिपोर्ट होतात, थरथर जागच्या जागी. मशीन ग्रिडशी सिंक असेपर्यंत ठोके आणि रिपल यांत फरक करायला वाव दिसत नाही, कारण दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. ग्रिड ४९.९ वर उतरली तर मशीनही तेवढंच उतरतं. जोडाचे ठोके ९९.८ आणि रिपलही ९९.८.

त्यांची ताटातूट होते ती ब्रेकर उघडल्यावर. मशीन खाली यायला लागतं, २७०० फेऱ्यांना जोडाचे ठोके ९० वर येतात आणि रिपल १०० वरच उभा राहतो. जो उतरतो तो चाकाचा, जो उतरत नाही तो पुरवठ्याचा. हे मला माझं मीच सुचलं होतं आणि त्यावर मी अनेक वर्षं राज्य केलं. राज्य हाच शब्द बरोबर आहे. मशीन ट्रिप झालं की फोन मला यायचा, रात्री कितीही वाजलेले असोत. गवतासारखी हिरवी रेघ स्कोपवर पळत असायची, मागे इंजिनिअर मंडळी गप्प उभी, शिफ्ट इनचार्जसुद्धा घसा खाकरत नसे. रेघेतला उंचवटा सरकू लागला की मी वळून सांगायचो, "चाक आहे." ती शांतता मला फार आवडायची. शेजारच्या केंद्रांतून बोलावणं यायचं तेव्हा मी लगेच हो म्हणत नसे. पुन्हा एकदा विचारलं जावं असं वाटायचं.

पिकअपचं अंतर लावण्यातही माझा असाच तोरा होता. पाच-अष्टमांश इंची पिकअप, इंचाला अठरा आटे. दात्याच्या माथ्याला टेकेपर्यंत हातानं फिरवायचा आणि पाऊण फेरा मागे घ्यायचा, एक मिलिमीटरच्या जरा वर अंतर बसतं. फीलर गेज मी नंतर लावायचो ते फक्त बघणाऱ्यांसाठी. आता बोटांच्या टोकांना पूर्वीसारखं कळत नाही. दाता लागला की आटा जड झाला, हे ओळखताना शंका येते. म्हणून हल्ली ते काम मी आमच्या ट्रेनी मुलीला देतो. ती गेज आधी लावते.

याच मुलीमुळे हे लिहायला बसलो. डिप्लोमा करून आलेली, बोलायला कमी. नव्या मॉड्यूलनंतर पुन्हा थरथर सुरू झाली तेव्हा मी तिला सगळं समजावलं आणि शेवटी म्हटलं की आता ट्रिपची किंवा शटडाउनची वाट बघायची. ती थोडा वेळ आकृतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, मशीन सिंकवर असलं तरी लोड बदलतोच ना? मग लोड अँगल बदलेल."

एवढंच. ज्यांना या वाक्यात सगळं दिसलं त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. ग्रिडला बांधलेला रोटर ग्रिडच्या वेगानंच फिरतो, पण लोड वाढला की तो त्या व्होल्टेजच्या पुढे काही अंश सरकतो आणि लोड उतरला की मागे येतो. जोड रोटरवर आहे, रिपल व्होल्टेजवर. साठ दात्यांच्या चाकावर एक दाता म्हणजे सहा अंश. लोड अँगल बारा अंशांनी बदलला तर रिपल दोन दाते सरकलेला दिसेल. जोड मात्र आपल्या दात्यावरून हलणार नाही.

व्हायब्रेशनच्या रॅकमधून शाफ्टचा कीफेझर तिनं ट्रिगरला घेतला. फेरीत एकदा येणारी ती खूण, तिथून दाता क्रमांक एक. साठही दात्यांच्या मधले वेळ मांडले, अनेक फेऱ्या एकावर एक ठेवून सरासरी काढली. आलेखात दोन उंचवटे, सतराव्या आणि सत्तेचाळिसाव्या दात्यावर, मध्ये बरोबर तीसचं अंतर. रात्री लोड डिस्पॅच सेंटरचा बॅक-डाउनचा निरोप आला आणि मशीन २०० वरून १४० मेगावॉटवर उतरलं. तिनं पुन्हा आलेख काढला. सतरा आणि सत्तेचाळीस. मशीन चालू, ग्रिडला जोडलेलं, कोणी कशाला हात लावलेला नाही, आणि कोणता जोड कोणत्या दात्याशी आहे हे कागदावर.

पुढचे काही दिवस मी त्या आलेखात चूक शोधत होतो. सापडली नाही. सापडावी असं मनापासून वाटत होतं, कारण या पद्धतीला ना मध्यरात्र लागते, ना मी.

निदान झाल्यावर उपाय काय, यावर माझं काही मंडळींशी कायमचं वाकडं आहे. रेट्रोफिट विकणारे येतात, थरथर बघतात आणि फिल्टर वाढवतात. आकडा स्थिर होतो, सह्या होतात, गाडी निघते. पाव सेकंदाचा फिल्टर लावला तर काय होतं ते सह्या करणाऱ्यांनी बघावं. पूर्ण लोडवर ब्रेकर उघडला आणि वाफ क्षणभर तशीच आत येत राहिली तर अशा मशीनचा वेग सेकंदाला तीन-चारशे फेऱ्यांनी चढू शकतो. पाव सेकंद म्हणजे ७५ ते १०० फेऱ्या. ३३०० वर सुटायला हवी ती ट्रिप तुमच्या स्थिर, देखण्या आकड्यावर ३४०० च्या आसपास सुटेल, आणि व्हॉल्व्ह मिटायला लागणारा वेळ त्यावर आणखी. सरासरी घ्यायचीच असेल तर बरोबर साठ दात्यांची घ्या. एका पूर्ण फेरीत जोडाची चूक आपोआप फिटते आणि किंमत पडते फक्त वीस मिलिसेकंदांची. सोळा दात्यांची सरासरी घेऊ नका. जोड त्या खिडकीत येत-जात राहतो आणि थरथर हळू होते, जात नाही. एवढी साधी गोष्ट कमिशनिंगच्या कागदावर मला क्वचितच दिसली आहे.

मला याची चिंता जास्त वाटते कारण आता आमच्या मागे कोणी उभं नाही. पूर्वी शाफ्टच्या आत स्प्रिंगनं धरलेला ओव्हरस्पीड बोल्ट असायचा. ११० टक्क्यांच्या आसपास तो बाहेर उडायचा, लिव्हरवर आपटायचा आणि ट्रिप ऑइल सोडून द्यायचा. वीज नको, कार्ड नको, कोणाचं मत नको. नव्या रेट्रोफिटमध्ये तो काढतात, कारण इलेक्ट्रॉनिक्स जास्त अचूक आहे आणि ते खरंही आहे. पण अचूक मोजणं आणि मशीन थांबणं यांच्यामध्ये बरंच काही असतं. न्यू जर्सीच्या सेलम केंद्रात नोव्हेंबर १९९१ मध्ये ट्रिपचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह चालले नाहीत आणि टर्बाइन फुटलं. दक्षिण आफ्रिकेतल्या डुव्हा केंद्राचं ६०० मेगावॉटचं चौथं युनिट फेब्रुवारी २०११ मध्ये ओव्हरस्पीड टेस्ट चालू असतानाच उद्ध्वस्त झालं. म्हणून आज प्रत्यक्ष वेग चढवून टेस्ट करायला लोक कचरतात, त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. फंक्शन जनरेटरनं टर्मिनलवर ३३०० हर्ट्झ दिले, रिले पडला, सर्टिफिकेटवर शिक्का बसला. या परीक्षेत कार्ड पास झालं. केबल, पिकअप आणि चाक परीक्षेला बसलेच नव्हते.

पुढच्या ओव्हरहॉलला आमच्या चाकाचं झाकण उघडलं तेव्हा फिटरभाऊंनी अर्धुकं सोडवली, जोडाची तोंडं साफ केली, डॉवेल बसवले आणि पुन्हा आवळली. ०.०५ चं पानही आता आत जात नाही. मॉड्यूलवर सरासरी साठ दात्यांची आहे, फिल्टर शून्य, आणि डेस्कवर आकडा ३००० च्या एक-दोन फेऱ्या इकडेतिकडे असतो, जो खरोखर ग्रिडचा आहे.

तुमच्या केंद्रात, तुमच्या कारखान्यात स्पीड मॉड्यूल बदलायचं घाटत असेल तर माझी विनंती एवढीच. खरेदीची फाइल पुढे सरकवण्याआधी चालू मशीनवर कीफेझर घेऊन साठ दात्यांचा आलेख एकदा काढा, दोन वेगळ्या लोडवर काढा, आणि तो फाइलला लावा. पेडेस्टल उघडेल तेव्हा जोडाचं माप घेऊन नोंदवहीत तारखेसह लिहा, आणि त्याखाली मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन अशा दोन्ही विभागांच्या सह्या घ्या.