विलायती पेटीची जन्मतारीख

१.
कोल्हापुरातील एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर एक लाकडी कॅमेरा होता. त्याच्याविषयी घरात वर्षानुवर्षे एकच वाक्य चालत आले होते : ‘विलायती आहे, १८९० च्या आसपासचा.’ आजोबांच्या पश्चात नातवाने तो खाली उतरवला, तेव्हा त्या वाक्यावर कोणाचाही संशय नव्हता. संशय उत्पन्न झाला तो कॅमेरा स्वच्छ करताना. जुन्या कॅमेऱ्याचे वय कसे ठरते, याचा हा धागा.

२.
प्रथम यंत्राची ओळख. पुढे पितळी भिंग, मागे दुधी काच आणि दोहोंच्या मध्ये घड्यांचा चामडी भाता. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली शिरून त्या काचेवर उलटी प्रतिमा पाही, भाता मागेपुढे सरकवून ती स्पष्ट करी आणि मग काचेच्या जागी संवेदनशील काचपट्टीची चौकट बसवी. या कॅमेऱ्यातील चौकट ‘हाफ प्लेट’ मापाची, म्हणजे ६½ × ४¾ इंचांची होती.

३.
‘विलायती’ या शब्दामागे खरा इतिहास आहे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होते. कला येथे लवकर रुजली, परंतु यंत्रे दीर्घकाळ बोटीनेच येत राहिली. त्यामुळे उत्तम कॅमेरा म्हणजे परदेशी कॅमेरा, हे समीकरण ग्राहकांच्या मनात पक्के झाले.

४.
नातवाने पॉलिश पेपर आणि लाखेचे पॉलिश आणून ठेवले होते. बिजागरी सरळ करण्यासाठी बोलावलेल्या वृद्ध सुतार मिस्त्रींनी त्याचा हात धरला. “बाळा, घासलंस की गेलं. आधी काय काय हाय ते बघून घे.” पुराणवस्तूंच्या जतनाचा पहिला नियम त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. लाकडावरचा डाग, जुने भोक, रंगाचा थर हे सारे पुरावे असतात. ते नष्ट करणे सोपे असते, परत आणणे अशक्य.

५.
दुसरा नियम नाणेशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. एखाद्या हंड्यात शंभर जुनी नाणी आणि एक नवे नाणे सापडले, तर हंडा पुरल्याचा काळ त्या नव्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही. कॅमेराही असाच हंडा आहे. भिंग, पेटी, भाता, स्क्रू या प्रत्येकाची जन्मतारीख निराळी असू शकते. म्हणून ‘कॅमेरा केव्हाचा?’ हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. तो प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

६.
प्रथम भिंग. कड्यावर ‘रॅपिड रेक्टिलिनियर’ अशी रोमन अक्षरे होती. या रचनेचे भिंग लंडनच्या डालमायर यांनी १८६६ मध्ये आणले आणि पुढे अनेक कारखान्यांनी ती रचना उचलली. छिद्र लहानमोठे करण्याच्या कड्यावर ४, ८, १६, ३२, ६४ असे अंक होते. ही ब्रिटनमधील फोटोग्राफिक सोसायटीने १८८१ मध्ये पुरस्कारलेली मोजणी. अंक दुप्पट झाला की प्रकाश देण्याचा वेळही दुप्पट, असा तिचा सरळ हिशेब होता. आजच्या पद्धतीत हेच अंक ८, ११, १६, २२, ३२ असे होतात. १६ तेवढा दोन्हींत समान. विसाव्या शतकात ही जुनी मोजणी मागे पडली.

७.
म्हणजे भिंग १८८१ नंतरचे आणि बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. घरातील वाक्य खरे ठरत होते. जुन्या वस्तूंच्या एका संग्राहकाने तेवढ्या माहितीवर चांगली किंमतही सांगितली. नातू तेथेच थांबला असता, तर हा धागाही येथेच संपला असता.

८.
नंतर पेटी. ती सागवानी होती. इंग्रज कारागीर प्रामुख्याने महोगनी वापरीत. परंतु उष्ण, दमट प्रदेशांसाठी ते सागवानाचे, पितळी पट्ट्यांनी आवळलेले कॅमेरेही बनवीत. तेव्हा केवळ सागवानावरून पेटी देशी ठरत नाही. स्क्रूंनीही साक्ष दिली नाही. फुलीच्या खाचेचा ‘फिलिप्स’ स्क्रू असता, तर त्याचे अमेरिकी पेटंट १९३६ चे असल्याने काळाची एक मर्यादा मिळाली असती. येथे सर्व स्क्रू एका खाचेचे होते. तसे स्क्रू आपल्याकडे पुढेही अनेक दशके वापरात होते.

९.
साक्ष दिली ती भिंग ज्या लहान फळीवर बसवतात, तिने. तिच्यातील गोल भोक कानशीने मोठे केलेले होते. त्याच्या कडेला तीन जुनी, बुजवलेली छिद्रे होती. याचा अर्थ, ही पेटी तयार झाली तेव्हा तिच्यावर दुसरेच, लहान भिंग बसवायचे होते. आजचे भिंग मागाहून आले. म्हणून भिंगाचे वय पेटीला लावता येत नव्हते.

१०.
पेटीच्या दर्शनी बाजूस काळ्या रंगाने माखलेला एक लहानसा उंचवटा होता. तो लाकडाचाच भाग असावा असे सर्वांना वाटत आले होते. स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने नातू रंग टिपू लागला. तासाभराने खालून पितळ दिसले, मग अक्षरे : ‘वागीश्वरी कॅमेरा वर्क्स, अलेप्पी’.

११.
अलेप्पी म्हणजे केरळातील आजचे अलप्पुळा. तेथे १९४० च्या दशकात के. करुणाकरन यांनी हे लाकडी कॅमेरे घडवण्यास प्रारंभ केला. घरचा व्यवसाय वाद्यांचा. एका छायाचित्रकाराच्या परदेशी कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीला आला आणि त्यातून पूर्ण कॅमेरा घडवण्याची वाट सापडली. हार्मोनियमला भाता, कॅमेऱ्यालाही भाता. मराठीत तर दोहोंना शब्दही एकच आहे. वागीश्वरी हे वाणीच्या देवतेचे, सरस्वतीचे नाव. या नावाचे कॅमेरे देशभरातील स्टुडिओंत पोहोचले.

१२.
पाटी रंगवली कोणी? हे सांगण्यास कागद नव्हता, आजी होत्या. “ह्यांनीच काळी केली ती,” त्या म्हणाल्या. “लग्नाच्या फोटोला माणसं यायची, पाटी बघायची आणि म्हणायची, देशी हाय व्हय? समोरच्याकडं विलायती होता. भिंग आधी घेतलं होतं, मुंबईच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून. पेटी मागनं आली, रेल्वे पार्सलनं.” हे आजपर्यंत का सांगितले नाही, असे नातवाने विचारले. “कुणी विचारलं नाही,” एवढेच उत्तर मिळाले.

१३.
आजोबा निव्वळ खोटे बोलत नव्हते. भिंग विलायती होते आणि जुनेही होते. भिंगाचे सत्य त्यांनी पेटीवर पांघरले, इतकेच. परंतु ज्या गावात त्यांना ते पांघरावे लागले, ते कोल्हापूर होते. याच नगरीत आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्रणाचा देशी कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी १९१८ मध्ये तो पूर्णही केला. त्यानंतर एक पिढी उलटली, तरी त्याच गावातील एका व्यावसायिकाला पाटीवरचे देशी नाव झाकावे लागले. अभिमान आणि बाजार एकाच वेगाने चालत नाहीत, याचा पुरावा त्या काळ्या रंगाच्या थरात होता.

१४.
संग्राहकाने किंमत बरीच उतरवली. नातवाने कॅमेरा विकला नाही आणि पाटीही पूर्ण उजळली नाही. अक्षरे वाचता येतील एवढाच रंग काढून कडेचा थर राखला. आजोबांच्या हातची शेवटची खूण तीच होती.

१५.
उरले भात्याचे काम. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत छोटा दिवा ठेवला, तेव्हा घड्यांच्या कोपऱ्यांतून चांदण्यांसारखी छिद्रे चमकली. नवा भाता शिवून घेणे सोपे होते. त्याऐवजी पातळ चामड्याचे तुकडे आतून चिकटवले आणि आजोबांनी लावलेले रेक्झिनचे जुने ठिगळ जागेवर ठेवले. लाकडावरची धूळ मऊ कापडाने पुसली. पॉलिश पेपर मिस्त्री घेऊन गेले.

१६.
आता कॅमेरा बैठकीच्या खोलीत उभा आहे. जवळच्या पुठ्ठ्यावर नातवाने लिहिले आहे :
भिंग : विलायती, १८८१ नंतर.
पेटी : अलप्पुळा, १९४० चे दशक किंवा त्यानंतर.
भात्याचे ठिगळ : कोल्हापूर, आजोबा.
पाटीवरचा काळा रंग : कोल्हापूर, आजोबा. माहिती : आजी.