बकेट आणि बापाची सावली

आमच्या नागपुरात एक खेळ होता, पुस्तकात ज्याचं नाव नाही. फुटकी प्लॅस्टिकची बकेट, पाऊस, चिखल आणि लाथा हाणणारे झोपडपट्टीतले पोट्टे. हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी तो पाहिला, अन् 2001 साली झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. 2022 मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. टाळ्या पडल्या.

पण मित्रांनो, अशा पोट्ट्याच्या घरात काय चालतं? माझ्या घरातलं सांगतो. बाप मिलमध्ये खपलेला. 1956 ला त्याच्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेला. माझ्या पायाला चिखल दिसला की म्हणे, "बाबासाहेबानं शिका म्हटलं. खेळा कुठं म्हटलं बे?" अन् मग हुकमाचं पान टाके, "बाळू पालवणकर एवढा मोठा बॉलर. 1937 ले बाबासाहेबाविरुद्ध उभा रायला. पडला."

मी म्हणायचो, "बाबा, त्याच बाळूनं 1911 ला इंग्लंडात शंभरावर विकेटा घेतल्या. पुण्यात त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कपात. त्यानं टाकलेल्या बॉलचा मात्र विटाळ नाही! त्याचा भाऊ विठ्ठल 1923 ला हिंदू संघाचा कॅप्टन झाला."

बाप चूप. मग हळूच, "अन् तुह्या पोटाले?"

इथं माझी जीभ अडायची. मोठ्या खेळाडूच्या पोरावर बापाच्या नावाची सावली पडते. आमच्यावर पडली ती बापाच्या भुकेची.

मी बी.ए. झालो. बकेटही सोडली नाही. आता माझी पोरगी मैदानावर जाते. बूट तिच्या आज्यानंच घेऊन दिले. त्याआधी मार्कशीट मात्र दोनदा वाचून घेतली.